गतवैभवाचे मोल कोणाच्या थैलीतून?

३१ ऑक्टोबर २०२४ रोजी नरकचतुर्दशी होती. डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर सकाळपासून तरुणांची नेहमीची दाटी झाली होती. त्याच दिवशी सायंकाळी आयपीएलमधील दहा संघांनी पुढील हंगामासाठी कोणते खेळाडू राखून ठेवले याच्या याद्या जाहीर केल्या, आणि फराळाबरोबर चर्चेला एक विषय मिळाला. मुंबई इंडियन्सने रोहित शर्माला १६ कोटी ३० लाख रुपयांना राखले होते. महिन्याभरातच जेद्दा येथे लिलाव झाला. त्यात कोलकाता नाइट रायडर्सने अजिंक्य रहाणेला दीड कोटी रुपयांना घेतले. दोघेही डोंबिवलीचे म्हणावेत असे. रोहितचे आईवडील डोंबिवलीत एका खोलीत राहत आणि तो स्वत: बोरिवलीला आजोबांकडे वाढला, अजिंक्य तर येथल्याच स. वा. जोशी विद्यालयाचा विद्यार्थी. दोघांच्या वयात जेमतेम वर्षाचे अंतर. मोबदल्यात मात्र जवळजवळ अकरा पटींचे!

यातून निर्माण होणारा प्रश्न केवळ क्रिकेटचा नाही. ज्याने एके काळी संघाला वैभव मिळवून दिले, परंतु ज्याची बॅट आता पूर्वीसारखी चालत नाही, अशा फटकेबाजाला संघाने किती काळ आणि किती द्यावे? हा प्रश्न लोकलच्या डब्यात भावनेच्या आधारे सोडविला जातो. एक पक्ष म्हणतो, ‘त्याने पाच अजिंक्यपदे दिली, त्याला कमी कसे द्यायचे?’ दुसरा म्हणतो, ‘धावा होत नाहीत तर घरी पाठवा.’ दोन्ही पक्ष एक साधी गोष्ट विसरतात. पैसा किती दिला यापेक्षा तो कोणाच्या वाट्यातून दिला, हा अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.

एका थैलीतील पाच वाटे

प्रथम व्यवहार समजून घेऊ. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला खेळाडूंवर १२० कोटी रुपये खर्च करण्याची मर्यादा होती. भारतीय संघातून खेळलेले पाच खेळाडू राखावयाचे असतील तर त्यातून ७५ कोटी वजा होणार होते. मात्र या ७५ कोटींची पाच जणांत वाटणी कशी करावयाची, हे संघावर सोपविले होते. मुंबईने ती अशी केली: जसप्रीत बुमराह १८ कोटी, सूर्यकुमार यादव आणि हार्दिक पंड्या प्रत्येकी १६ कोटी ३५ लाख, रोहित १६ कोटी ३० लाख आणि तिलक वर्मा ८ कोटी. बेरीज बरोबर ७५ कोटी. एकत्र कुटुंबातील तिजोरीसारखाच हा प्रकार आहे. थोरल्याच्या ताटात एक पोळी अधिक पडली तर ती धाकट्याच्या ताटातूनच यावी लागते.

आता धाकट्याकडे पाहू. तिलक वर्मा हैदराबादचा. २०२२ साली मुंबईने त्याला १ कोटी ७० लाखांना घेतले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. २०२२, २०२३ आणि २०२४ या तीन हंगामांत त्याने अनुक्रमे ३९७, ३४३ आणि ४१६ अशा एकूण १,१५६ धावा केल्या. त्याच तीन हंगामांत रोहितच्या धावा होत्या २६८, ३३२ आणि ४१७, एकूण १,०१७. रोहितचा मोबदला हंगामाला १६ कोटी, म्हणजे तीन हंगामांचे ४८ कोटी; तिलकचे ५ कोटी १० लाख. २०२४ मध्ये तर दोघांत केवळ एका धावेचा फरक होता. असे असताना त्या वर्षअखेरच्या वाटणीत रोहितला तिलकच्या दुप्पट रक्कम मिळाली.

धावांवर पैसे मोजणे हे ओबडधोबड माप आहे, हे येथे मान्य केले पाहिजे. रोहित डावाची सुरुवात करतो, तिलक मधल्या फळीत येतो; दोघांची कामे भिन्न आहेत. शिवाय रोहितच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. २०२२ मध्ये थैली ९० कोटींची होती आणि त्यातील १६ कोटी, म्हणजे जवळजवळ १८ टक्के, त्याच्याकडे जात. २०२५ मध्ये रक्कम तीस लाखांनी वाढली खरी, पण थैली १२० कोटींची झाल्याने त्याचा वाटा साडेतेरा टक्क्यांवर आला. वेतनवाढ मिळाली आणि महागाईने ती खाल्ली, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? तेव्हा संघाने डोळे मिटून व्यवहार केला असे म्हणता येणार नाही. तरीही वाटा पुरेसा खाली आला का, हा प्रश्न उरतोच.

परदेशातील एक धडा

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये या प्रश्नाचा अनुभव फार जुना आहे. तेथे चेंडू मैदानाबाहेर भिरकावून देणाऱ्या फटक्याला ‘होमरन’ म्हणतात, आणि असे फटके मारणाऱ्याला आपल्याकडील सलामीवीरासारखाच मान असतो. अल्बर्ट पुहोल्स हा असाच एक थोर फटकेबाज. सेंट लुइसच्या संघाकडून अकरा हंगामांत त्याने ४४५ होमरन मारले. २०१२ पासून लॉस एंजेलिस एंजल्स या संघाने त्याला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर देऊ केले. करार सुरू होताना तो बत्तिशीत होता. पुढील जवळजवळ दहा हंगामांत त्याचे २२२ होमरन झाले, म्हणजे वेग निम्म्यावर आला. आणि करार संपण्यापूर्वीच, मे २०२१ मध्ये, संघाने त्याला मुक्त केले. एंजल्सने सेंट लुइसमधील पुहोल्सची किंमत मोजली आणि हाती आला तो उतरणीचा पुहोल्स.

परंतु कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. २०२२ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो सेंट लुइसला परतला तो २५ लाख डॉलरच्या मोबदल्यावर. त्या एका हंगामात त्याने २४ होमरन मारले आणि सातशेचा टप्पा ओलांडला. खेळाडू तोच, वय आणखी वाढलेले. पण आता किंमत कामाच्या मापाची होती. त्यामुळे तो कोणाला ओझे वाटला नाही. उतारवय हा दोष नव्हे. चुकते ती भूतकाळाच्या दराने भविष्याची केलेली खरेदी.

आपल्याकडे अजिंक्य रहाणेने हेच दाखवून दिले. २०२३ मध्ये चेन्नई सुपर किंग्जने त्याला ५० लाखांच्या मूळ किमतीला घेतले आणि त्या विजेत्या हंगामात त्याने १७२ च्या गतीने ३२६ धावा केल्या. २०२५ मध्ये दीड कोटीला आलेल्या या छत्तीस वर्षांच्या फलंदाजाकडे कोलकात्याने नेतृत्व सोपविले, आणि त्याने ३९० धावा केल्या. त्याच संघात २३ कोटी ७५ लाखांना घेतलेल्या वेंकटेश अय्यरच्या धावा होत्या १४२. या उदाहरणाने तरुणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही सावध केले पाहिजे. केवळ वय कमी म्हणून दिलेला पैसा शहाणपणाचा ठरतोच असे नाही.

संघ मोबदला कशाचा देतो?

मग मुंबईने १६ कोटी ३० लाख कशासाठी दिले असतील? तीन कारणे संभवतात: मागील उपकाराची फेड, पुढील धावांची अपेक्षा आणि प्रेक्षकांचे प्रेम. (नेतृत्व हे चौथे कारण झाले असते, परंतु ते डिसेंबर २०२३ मध्येच हार्दिक पंड्याकडे दिले गेले होते.)

उपकाराविषयी शंका नाही. २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच अजिंक्यपदे मुंबईने रोहितच्या नेतृत्वाखाली मिळविली. परंतु अर्थशास्त्रात होऊन गेलेला खर्च आणि होऊन गेलेला लाभ, दोन्ही पुढच्या निर्णयातून वगळावे लागतात. मुंबईने हा नियम एकदा मोडून पाहिला आहे. २०२२ पूर्वी चार खेळाडू राखावयाचे होते तेव्हा संघाने रोहित, बुमराह आणि सूर्यकुमार यांच्यासह पस्तिशीकडे झुकलेल्या कायरन पोलार्डला ६ कोटींना राखले. पोलार्डने अनेक सामने एकहाती जिंकून दिले होते, हे खरेच. पण त्या हंगामात त्याच्या १४४ धावा झाल्या आणि मुंबई तळाला, दहाव्या स्थानी राहिली. ज्या हार्दिकला सोडले, तो गुजरात टायटन्सचा कर्णधार झाला आणि त्याने त्याच वर्षी अजिंक्यपद पटकावले. हार्दिक तेव्हा पाठीच्या दुखापतीने बेजार होता, हे संघाच्या बाजूने सांगितले पाहिजे. तरीही कृतज्ञता म्हणून राखलेल्या एका जागेची किंमत काय असू शकते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

पुढील धावांचे म्हणाल, तर रोहित संपला असे म्हणणाऱ्यांना त्याने वारंवार खोटे पाडले आहे. ३० मे २०२५ रोजी बाद फेरीच्या सामन्यात गुजरातविरुद्ध त्याने ५० चेंडूंत ८१ धावा काढल्या आणि संघ पुढे गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिडनीला नाबाद १२१ धावा करून तो वयाच्या अडतिसाव्या वर्षी एकदिवसीय फलंदाजांच्या जागतिक क्रमवारीत प्रथमच पहिल्या स्थानावर पोहोचला. परंतु पन्नास षटकांचा खेळ आणि वीस षटकांचा खेळ यांचे भाव वेगवेगळे असतात. २०२५ च्या आयपीएल हंगामात त्याने पंधरा सामन्यांत ४१८ धावा केल्या. सरासरी तिशीच्या किंचित खाली. ही कामगिरी वाईट नव्हे, चांगलीच आहे. पण संघाच्या थैलीतील साडेतेरा टक्क्यांची ती आहे काय? मला तसे वाटत नाही.

उरले प्रेक्षकांचे प्रेम. हे प्रेम खरे असते. हार्दिकला कर्णधार केल्यावर २०२४ मध्ये वानखेडेवर त्याची जी हुर्यो उडविली गेली, ती रोहितवरील प्रेमापोटीच. या प्रेमाला बाजारात किंमत आहे, आणि ती खेळाडूला मिळणे न्याय्यही आहे. परंतु येथे हिशेबाची एक मोठी गफलत होते. आयपीएलचे उत्पन्न मुख्यत: प्रक्षेपणाच्या हक्कांतून येते; २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी हे हक्क ४८ हजार ३९० कोटी रुपयांना विकले गेले. हा पैसा मध्यवर्ती खात्यात जमा होतो आणि संघांचा वाटा त्यांच्या तारकांच्या लोकप्रियतेनुसार ठरत नाही. रोहितला पाहण्यासाठी अमरावतीतील कोणी दूरदर्शन संच लावला, तर त्याचा लाभ दहाही संघांना होतो. पण रोहितच्या मोबदल्याचा भार पडतो तो एका मुंबईच्या थैलीवर. पीक सर्वांचे, बियाणे एकाचे! जो लाभ केवळ मुंबईचा आहे, म्हणजे जाहिरातदारांनी जर्सीवर नाव झळकविण्यासाठी मोजलेली रक्कम किंवा वानखेडेवरील तिकिटे, तो मालकांच्या खात्यात जातो. त्यातून १२० कोटींची मर्यादा वाढत नाही. म्हणजे जाहिरातीचा खर्च खेळाच्या खात्यावर टाकला जातो, आणि ती भरपाई तिलकसारख्यांच्या वाट्यातून होते.

ज्येष्ठतेचा हिशेब आणि आपण

हे सर्व मी शिक्षकांच्या खोलीत मांडले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला अडविले. ते म्हणाले, ‘अहो, हाच न्याय आपल्याला लावला तर? वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी पस्तिशीतल्यापेक्षा जास्त तास घेतो काय? तरी पगार दुपटीने आहे.’ प्रश्न रास्त होता, आणि प्रस्तुत लेखकही चाळिशी ओलांडलेला, दर वर्षीच्या वेतनवाढीवर जगणारा आहे.

याचे उत्तर एडवर्ड लेझीअर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९७९ साली दिले. सक्तीची सेवानिवृत्ती का असते, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: दीर्घ काळाच्या नोकरीत माणसाला तरुणपणी त्याच्या कामाच्या मानाने कमी दिले जाते आणि उत्तरार्धात जास्त. हा जास्तीचा भाग दानधर्म नसतो. तरुणपणी मागे ठेवलेले वेतनच ते. त्यामुळे माणूस मन लावून काम करतो आणि संस्था सोडून जात नाही. मात्र वाढीव वेतन अनंत काळ देणे परवडणार नाही, म्हणून सेवेला शेवट ठरवून द्यावा लागतो. सरकारी कार्यालयातील कारकुनाला अठ्ठावन्नाव्या वर्षी निरोपाचा नारळ मिळतो, तो या हिशेबाचाच भाग आहे.

हा करार न्याय्य ठरण्यासाठी एक अट मात्र आवश्यक असते. आज कमी घेणाऱ्या तरुणाला उद्या ज्येष्ठ होण्याची खात्री हवी. आयपीएलमध्ये ती नाही. तेथे करार हंगामाचा, आणि काही वर्षांनी पुन्हा मोठा लिलाव. तिलकने आज कमी घेतले तर पंधरा वर्षांनी मुंबई त्याची भरपाई करील, असे कोणी लिहून दिलेले नाही. म्हणून ज्येष्ठतेचे तत्त्व तेथे लागू पडत नाही.

आणि खरी अस्वस्थता येथूनच सुरू होते. आमच्या खोलीतील ही चर्चा तासिका तत्त्वावर शिकविणारा एक तरुण सहकारी कोपऱ्यात बसून ऐकत होता. दोन महाविद्यालयांत तास घेऊन कल्याणहून ठाण्याला धावणारा हा मुलगा वर्गात माझ्यापेक्षा वाईट शिकवीत नाही. कदाचित बराच शिकवितो. तो शांतपणे म्हणाला, ‘सर, तुम्ही रांगेत उभे होतात म्हणून तुम्हाला ज्येष्ठता मिळाली. मी रांगेत आहे तरी का?’ खोलीत कोणी काही बोलले नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाकारले गेले तेव्हा याच कराराचा एक धागा तुटला होता. मार्च २०२३ मधील संपामागे तीच वेदना होती. तासिका तत्त्वावरील पिढीसाठी तर तो करार लिहिलाच गेलेला नाही. रोहितच्या १६ कोटी ३० लाखांवर तावातावाने बोलणाऱ्या आपण सर्वांनी हा प्रश्न स्वत:ला विचारला पाहिजे की आपल्या ज्येष्ठतेचा भार कोणाच्या ताटावर पडतो आहे.

मान वेगळा, मोबदला वेगळा

मग करावे काय? रोहितला संघातून काढावे, असे मी म्हणणार नाही. त्याला ठेवावे, परंतु येणाऱ्या हंगामात त्याच्याकडून जे अपेक्षित आहे त्याच्या मापाने. महेंद्रसिंग धोनीचे उदाहरण समोर आहे. २०२४ पर्यंत चेन्नई त्याला १२ कोटी देत होती. पाच वर्षांत आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूला वेगळ्या वर्गात धरण्याच्या नियमामुळे २०२५ साठी त्याला ४ कोटींत राखता आले. चेन्नई त्या हंगामात तळाला गेली हे खरे, परंतु त्याचा दोष त्या चार कोटींना देता येणार नाही. धोनीचा मान तिळभरही कमी झाला नाही आणि आठ कोटी इतरांसाठी मोकळे झाले. रोहितला तो नियम लागू नव्हता. पण ७५ कोटींची वाटणी तर मुंबईच्याच हातात होती. दहा-अकरा कोटींवर तो राजी झाला असता तर आकाश कोसळले नसते, आणि तिलकला त्याच्या तीन वर्षांच्या कामाची पावती मिळाली असती. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईने पुढील हंगामासाठीही त्याला कायम ठेवले, आणि संधी पुन्हा हुकली.

अनुभवाचे मोल द्यावयाचेच असेल तर तेही स्वतंत्र खात्यातून देता येते. पोलार्ड नोव्हेंबर २०२२ मध्ये निवृत्त झाला आणि मुंबईने त्याला फलंदाजीचा प्रशिक्षक नेमले. प्रशिक्षकाचा पगार खेळाडूंच्या थैलीतून जात नाही. त्याचे ज्ञान संघाला मिळाले आणि एका तरुणाची जागाही मोकळी झाली. लोकप्रियतेचे मोल मालकांनी जाहिरातीच्या खात्यातून द्यावे, यासाठी नियम बदलावे लागतील, आणि ते सर्व दहा संघांना सारखे लागू करावे लागतील. पण ते अशक्य नाही. थोडक्यात, कृतज्ञता, लोकप्रियता आणि धावा या तिन्हींचे खाते वेगवेगळे ठेवा, एवढेच सांगणे आहे.

जानेवारी २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात मुंबईचा जम्मू-काश्मीरशी रणजी सामना झाला. रोहित आणि यशस्वी जयस्वाल खेळावयास आले म्हणून त्या हंगामात चमकलेल्या विरारच्या सतरा वर्षांच्या आयुष म्हात्रेला बाहेर बसावे लागले. रोहितने दोन डावांत ३ आणि २८ धावा केल्या, पालघरच्या शार्दूल ठाकूरने शतक झळकविले, तरी मुंबई हरली. त्यानंतर तीन महिन्यांतच चेन्नईने जखमी ऋतुराज गायकवाडच्या जागी म्हात्रेला ३० लाखांत बोलाविले आणि त्याने सात सामन्यांत २४० धावा केल्या. पहाटेच्या लोकलमध्ये दाराशी उभे राहून, खांद्यावरची किटबॅग सावरीत मैदानाकडे निघालेली अशी मुले विरार, कल्याण, डोंबिवली, ठाणे या प्रत्येक स्थानकावर दिसतात. रोहितही एके काळी असाच होता. शाळेने फी माफ केली नसती तर तो पुढे आला नसता, हे त्याच्याच चरित्रात आहे.

१६ मे २०२५ रोजी वानखेडे स्टेडियमच्या एका स्टँडला रोहित शर्माचे नाव देण्यात आले. हे फार योग्य झाले. झालेल्या कर्तृत्वाची फेड अशीच करावयाची असते. स्टँडला दिलेले नाव कोणाचीही जागा अडवीत नाही. मोजक्या थैलीतून दिलेली रक्कम मात्र कोणा ना कोणाची तरी जागा अडविते.